जवाब देणारा हवा

हल्ली दोन पुढारी एकमेकांवर घसरले की ‘कलगीतुरा रंगला’ असा मथळा येतो. शब्द जुनाच आहे, पण त्यातला जीव गेला.

कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने डफावर थाप मारून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊनच जवाब द्यायचा. सवालात पुराणातलं कोडं असे. जवाब येत नसेल तर डफ खाली ठेव, असा टोमणाही असे. टोमणा बोचरा खरा, पण मारण्याआधी अभ्यास लागे.

उत्तर पेशवाईत होनाजी बाळा आणि सगनभाऊ यांची मोठी चुरस होती. होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, आणि सगनभाऊ मुसलमान शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. चुरस लावणीची होती, जातीधर्माची नव्हती. लोकांनी तिघांनाही मराठी शाहीर म्हणूनच डोक्यावर घेतलं.

उर्दूतही हे चालत आलं आहे. १८५२ साली दिल्लीत शहजादा जवाँबख्तचं लग्न झालं. गालिबने सेहरा लिहिला आणि शेवटी, याहून सरस कोणी लिहून दाखवावा, असा चिमटा काढला. तो बादशहाचे उस्ताद जौक यांना लागला. जौकने त्याच वजनात दुसरा सेहरा लिहून परतफेड केली. मग गालिबने कवितेतूनच माफी मागितली, पण ती माफीही रसिकांना दुधारी वाटते! त्याआधी लखनौत इंशा आणि मुसहफी यांचं भांडण मात्र शेर सोडून रस्त्यावर उतरलं. एकमेकांच्या टवाळीच्या मिरवणुका निघाल्या. तिथे हरली ती शायरी.

आमच्या एरंडोलकडे, खान्देशात, तमाशातला सोंगाड्या बतावणीत अहिराणीतून पाटलाची फिरकी घेतो. समोर बसलेला पाटीलही हसतो, कारण त्या बोलण्यात परकेपणा नसतो.

कविसंमेलनात मला पुष्कळदा कौतुक ऐकायला मिळतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ मी म्हणतो, ‘तुमचंही छान आहे.’ समोरचा क्षणभर गप्प होतो, मग हसतो, आणि आम्ही दोघे चहाला जातो. टोमण्यानंतर चहा होणार नसेल, तर त्याला कलगीतुरा म्हणू नये. ते नुसतं भांडण.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)