भूपट्टांच्या हालचालींचे पुरावे

पृथ्वीचे कठीण बाह्य कवच, म्हणजेच शिलावरण, अनेक लहान-मोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे. हे भूपट्ट एकमेकांच्या सापेक्ष वर्षाला साधारणतः १ ते १० सेंटिमीटर वेगाने सरकतात. इतकी मंद गती मानवी डोळ्यांना जाणवत नाही. त्यामुळे ती सिद्ध करण्यासाठी जीवाश्म, खडकांतील चुंबकत्व, सागरतळाचे वय, भूकंपांचे वितरण आणि उपग्रहीय मोजमाप अशा परस्परांपासून स्वतंत्र पुराव्यांचा आधार घेतला जातो. हे सर्व पुरावे एकाच निष्कर्षाकडे नेतात आणि त्यांतून मिळणारे वेगही बहुतांशी जुळतात. हीच भूपट्ट सांरचनिकी सिद्धांताची मुख्य ताकद मानली जाते.

पार्श्वभूमी

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली. दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांच्या किनाऱ्यांची जुळणी, तसेच दोन्ही खंडांत सापडणारे मेसोसॉरस या गोड्या पाण्यातील सरीसृपाचे जीवाश्म, हे त्यांच्या युक्तिवादाचे आधार होते. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका या सर्व भूभागांत आढळतात. महाराष्ट्रात ते विदर्भातील कोळसायुक्त गोंडवन खडकांत मिळतात. 'गोंडवन' हे नावही मध्य भारतातील गोंड प्रदेशावरूनच आले आहे.

खंड कोणत्या बलाने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर वेगेनर देऊ शकले नाहीत. ग्रीनलंडच्या रेखांशाच्या तत्कालीन मोजमापांवरून त्यांनी काढलेला वेग वर्षाला अनेक मीटर, म्हणजे प्रत्यक्षाहून शेकडो पट अधिक होता. या मोजमापांतील त्रुटी खऱ्या हालचालीपेक्षा कितीतरी मोठी होती. परिणामी बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी ही कल्पना नाकारली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर असताना वेगेनर यांचा मृत्यू झाला.

सागरतळावरील चुंबकीय पट्टे

मध्य-महासागरी पर्वतरांगांच्या माथ्यावर शिलारस वर येऊन नवा सागरतळ तयार होतो व तो दोन्ही बाजूंना सरकत जातो, असा विचार हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडला. या विचाराची कसोटी चुंबकत्वाने पुरवली. बेसाल्ट थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची नोंदवून ठेवतात. हे क्षेत्र इतिहासात अनेकदा उलटले असून शेवटचे उत्क्रमण सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी झाले. सागरतळ खरोखर विस्तारत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट व उलट चुंबकत्वाचे सममित पट्टे दिसले पाहिजेत.

फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. त्यांच्या अभ्यासात वायव्य हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग रांगेवरील सर्वेक्षणाचा समावेश होता. कॅनडाचे लॉरेन्स मोर्ले यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता. पट्ट्याची रुंदी आणि उत्क्रमणांमधील कालावधी ज्ञात असल्यास विस्ताराचा वेग काढता येतो.

ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने १९६८ पासून केलेल्या खोदकामांतून स्वतंत्र दुजोरा मिळाला. दक्षिण अटलांटिकमध्ये रांगेपासून जसजसे दूर जावे, तसतसे सागरतळावरील सर्वांत खालच्या गाळाचे वय वाढत गेलेले आढळले. खंडांवर ३५० कोटी वर्षांहून जुने खडक मिळतात. मात्र आजच्या मोठ्या महासागरांचा तळ कोठेही सुमारे २० कोटी वर्षांपेक्षा जुना नाही, कारण जुना तळ खाली जाऊन नष्ट होत असतो.

भूकंपांचे पुरावे

जगातील बहुतेक भूकंप अरुंद पट्ट्यांत होतात. हे पट्टे म्हणजेच भूपट्टांच्या सीमा होत. सागरी गर्तांपासून भूकंपकेंद्रे तिरप्या पातळीत सुमारे ७०० किलोमीटरपर्यंत खोल जातात, असे कियू वादाती व ह्यूगो बेनिऑफ यांच्या अभ्यासांतून दिसून आले. तेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असतो.

जे. टुझो विल्सन यांनी १९६५ मध्ये सागरी रांगांना छेदणाऱ्या रूपांतर विभंगांची कल्पना मांडली. रांगेचे दोन तुकडे ज्या दिशेने विलग झालेले दिसतात, तिच्या उलट दिशेने या विभंगांवर सरक व्हावी, असे त्यांचे भाकीत होते. लिन साइक्स यांनी १९६७ मध्ये भूकंपलहरींच्या पहिल्या धक्क्याची दिशा तपासून ते खरे ठरवले.

दख्खनच्या पठाराची साक्ष

चुंबकीय नती, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजाशी होणारा कोन, अक्षांशानुसार बदलते. विषुववृत्तावर ती शून्य व ध्रुवावर ९० अंश असते. त्यामुळे खडकात टिकून राहिलेल्या नतीवरून तो खडक कोणत्या अक्षांशावर तयार झाला, हे काढता येते. दख्खनच्या बेसाल्टवरील असे अभ्यास १९५० च्या दशकातच सुरू झाले. त्यांतील नती आजच्या अक्षांशाला साजेशा कोनापेक्षा बरीच अधिक आहे आणि तिची दिशा दक्षिण गोलार्धाची निदर्शक आहे. तीवरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास होता, असा निष्कर्ष निघतो.

मुंबई आज १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे या काळात जवळपास ४९ अंशांचा, सुमारे ५,४०० किलोमीटरचा प्रवास झाला. त्याचा सरासरी वेग वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर येतो. प्रत्यक्षात आशियाशी टक्कर होण्यापूर्वी वेग याहून बराच अधिक होता व नंतर तो मंदावला.

याला पूरक पुरावा ज्वालामुखींच्या मालिकेतून मिळतो. दख्खन, लक्षद्वीप-मालदीव, छागोस, मॉरिशस व रियुनियन असे दक्षिणेकडे जाताना ज्वालामुखीजन्य खडकांचे वय कमी होत जाते. रियुनियनवर आजही जागृत ज्वालामुखी आहे. हवाई-एम्परर मालिकेतही असाच क्रम दिसतो. मात्र असे तप्तबिंदू पूर्णतः स्थिर नसतात, हे एम्परर सागरी पर्वतांच्या चुंबकीय अभ्यासातून स्पष्ट झाले आहे.

प्रत्यक्ष मोजमाप

१९८० च्या दशकात दूरस्थ क्वेसारांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी वेगवेगळ्या खंडांवरील दुर्बिणींनी टिपून त्यांच्यातील अंतर मोजले जाऊ लागले. युरोप व उत्तर अमेरिका वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरने दूर जात असल्याचे त्यातून दिसले. पुढे जीपीएसमुळे ही मोजमापे सर्वत्र शक्य झाली. पक्क्या खडकावर किंवा स्तंभावर बसवलेल्या ग्राहकाचे स्थान अनेक वर्षे सतत नोंदवले जाते. बंगळूरू व हैदराबाद येथील केंद्रे ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आहेत.

चुंबकीय पट्ट्यांवरून मिळणारे वेग लाखो वर्षांची सरासरी दर्शवतात, तर जीपीएसचे वेग काही वर्षांचे असतात. तरीही बहुतेक भूपट्टांबाबत दोन्ही जवळपास सारखे येतात.

महत्त्व

भारतीय भूपट्टाच्या गतीपैकी वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात सामावली जाते. विभंग अडकलेला असेल तेथे हा ताण साठत राहतो व मोठ्या भूकंपात मोकळा होतो. २०१५ मधील नेपाळचा ७.८ तीव्रतेचा भूकंप हे त्याचे उदाहरण आहे. २०११ मधील जपानच्या भूकंपात किनाऱ्यावरील एक जीपीएस केंद्र काही मिनिटांत ५ मीटरहून अधिक सरकले. अशा नोंदींवरून ताण कोठे व किती वेगाने साठत आहे, हे ओळखता येते. भूकंपाचा नेमका दिवस सांगता येत नसला, तरी धोक्याचे नकाशे व बांधकामाचे निकष ठरवण्यासाठी ही माहिती मोलाची ठरते.

हे सुद्धा पाहा

भूपट्ट सांरचनिकी
खंडवहन
गोंडवन
दख्खनचे पठार