वाळू धरणारें झुडूप

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु एखाद्या झुडपालाहि इतिहास असतो, व तो राज्यकर्त्यांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असूं शकतो, असें आम्हांस वाटतें.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ‘बिटू’ हें असेंच एक झुडूप. शेवंतीच्या कुळांतलें, पुरुषभर उंचीचें, पिवळ्या फुलांचें. त्याचें बीं हाडासारखें कठीण. लिनीअसनें १७५३ मध्यें ज्या प्रजातींत त्याची गणना केली, तिच्या नांवाचा अर्थच ‘अस्थिबीज’ असा आहे.

इ. स. १९०८ च्या सुमारास तें ऑस्ट्रेलियांत न्यूकॅसल बंदरालगत स्टॉक्टन येथें आढळलें. जहाजांच्या तळाशीं भरलेल्या नीरमाबरोबर तें आलें असावें, असें मानतात. येथवर दोष कोणाचाच नव्हता. पुढें मात्र न्यू साउथ वेल्सच्या मृद्संधारण खात्यानें १९४६ पासून १९६८ पर्यंत तें बुद्ध्याच लावलें. खनिजांसाठीं वाळूच्या टेकड्या उकरल्या गेल्या होत्या. वाळू वाऱ्यावर उडत होती. आणि हें झुडूप खारे वारे सोसून झपाट्यानें वाढत होतें. परंतु मायदेशीं त्यास खाणारे किडे येथें नव्हते. एकेक झुडूप वर्षास ५०,००० पर्यंत बिया देई व पांखरें त्या दूरवर नेत. वाळू स्थिरावली, पण स्थानिक झाडांस थारा उरला नाहीं. अखेर १९८९ मध्यें त्याचे शेंडे खाणारा एक पतंग आफ्रिकेंतूनच आणून सोडावा लागला.

याच्या उलट, एकोणिसाव्या शतकांत केप वसाहतीनें आपली वाळू थोपविण्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील बाभळी नेल्या होत्या, आणि त्या तेथें अशाच माजल्या. म्हणजे ज्या देशाहून झुडूप आलें, त्याच देशांत धडाहि लिहिलेला होता. तो मात्र कोणी वाचला नाहीं.

पुण्यास १९५५ च्या सुमारास दिसलेलें गाजरगवत याच कुळांतलें. पण तें न बोलावतां आलें. बिटूस मात्र जाणत्या माणसांनीं, सद्हेतूनें, सरकारी खर्चानें वाढविलें. त्यांस मूर्ख म्हणण्याचें आमच्या मनांत नाहीं. संकट समोर होतें व उपाय हाताशीं होता. अशा वेळीं आपणहि तेंच केलें असतें. तें वाळू धरील काय, एवढेंच त्यांनीं विचारलें. एकदां धरलेली जमीन तें सोडील काय, हें विचारावयाचें राहून गेलें.