निलंबनाचं गोत्र

कचेरीत ‘तो निलंबित झाला’ असं सहसा कोणी म्हणत नाही, ‘सस्पेंड झाला’ म्हणतात. निलंबन हा आदेशातला शब्द. ‘पुढील आदेश होईपर्यंत निलंबित करण्यात येत आहे’ असं एक वाक्य असतं. त्याखाली निलंबनकाळात मुख्यालय कोणतं राहील ते लिहितात आणि पूर्वपरवानगीशिवाय ते सोडता येणार नाही, अशी तंबीही देतात.

शब्द मोठा आणि कोरडा आहे, पण त्याचं गोत्र पाहण्यासारखं आहे. संस्कृतातला ‘लंब्’ धातू म्हणजे लोंबणे, लटकणे. त्याला ‘नि’ लागून निलंबन, ‘वि’ लागून विलंब, ‘प्र’ लागून प्रलंबित आणि ‘अव’ लागून अवलंबून. गणपतीचा लंबोदर याच घरातला. आपले लांब, लोंबणे, लांबणीवर टाकणे हेही त्याच घरचे. चौकशी प्रलंबित, निर्णयाला विलंब, माणूस निलंबित आणि घर निर्वाह भत्त्यावर अवलंबून: सरकारी नोकराची सगळी कहाणी एकाच धातूवर लोंबते आहे!

इंग्रजीतही तोच प्रकार. ‘सस्पेंड’ आणि ‘पेंडिंग’ दोन्हींच्या पोटात लॅटिनमधली टांगण्याची, लटकण्याची क्रिया आहे. परिभाषा घडवणाऱ्यांना शब्दाबरोबर त्यातलं चित्रही उचलता आलं, कारण संस्कृतात ते तयार होतं. बोलीने तर परिभाषेची वाटच पाहिली नाही. ‘जीव टांगणीला लागला’ हे मराठी माणूस कोणत्याही नियमावलीशिवाय म्हणत आला आहे.

निलंबन ही शिक्षा नव्हे, असं कायदा म्हणतो. कागदावर ते खरं आहे. पगार थांबतो, त्याजागी सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो आणि त्यासाठीही आपण दुसरीकडे कुठे नोकरीधंदा करत नाही, असं लिहून द्यावं लागतं. शिक्षा नाही म्हणताना नियमांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. केंद्र सरकारच्या 1965 च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांतला 22 वा नियम त्याची साक्ष देतो. विभागीय चौकशी चालू असताना अधेमधे निघणाऱ्या आदेशांवर अपील नाही, असं तो सांगतो. चौकशी अधिकाऱ्याने मागितलेला कागद दिला नाही, साक्षीदार नाकारला, तरी निकाल लागेपर्यंत थांबायचं. पण त्याच वाक्यात एक सूट आहे: निलंबनाचा आदेश वगळून. त्याच्यावर 45 दिवसांत अपील करता येतं. अंतिम निर्णयाआधीचा, तरीही थांबून चालणार नाही असा हा आदेश आहे, एवढं नियम लिहिणाऱ्याने ओळखलं होतं.

महाराष्ट्राच्या 1979 च्या नियमांच्या नावातच ‘शिस्त व अपील’ शेजारी शेजारी बसले आहेत. अपील इंग्रजीतून आलं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं हाक मारणं आहे. आपली ‘फिर्याद’ फारसी, तिचा मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला टाहो. ‘दाद’ही फारसीच, तिथे तिचा अर्थ न्याय, इराणात न्यायालयाला आजही ‘दादगाह’ म्हणतात. मराठीत मात्र दाद मागायची ती न्यायाची आणि द्यायची ती गवयाला. साहेब दाद देत नाही, तेव्हा त्याला गाणं कळत नाही असा अर्थ नसतो.

साहेबाने दाद दिली नाही की राज्य सरकारचा नोकर ‘मॅट’मध्ये जातो, म्हणजे 1991 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. तिथे 1985 चा कायदा लागू. त्याचं 20 वं कलम विचारतं, खात्यातले रीतसर मार्ग संपवून आलात का? अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर मार्ग संपला असं धरतात. 24 वं कलम अंतरिम आदेशाचं. ‘अंतरिम’ हा ‘इंटेरिम’च्या नादावर बेतलेला शब्द, पण तो उपरा वाटत नाही, कारण आपला ‘अंतर’ आणि लॅटिनचा ‘इंटर’ मुळात सख्खे भाऊ. ‘स्टे’ आणि ‘स्थगिती’ यांचं तसं नाही: एक लॅटिन ‘स्तारे’कडून, दुसरी ‘स्थग्’ म्हणजे झाकणे या धातूकडून, सारखेपणा नुसता कानापुरता. ‘जैसे थे’ मात्र सरळ हिंदी वळणाचं. ‘होतं तसं’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं कोण जाणे.

1997 च्या चंद्रकुमार खटल्यानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढेही जाता येतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटू नये. दोषारोपपत्र दिलं असेल, तर मुदतवाढीची कारणं लिहावीत. लंब् धातूला कोणीतरी माप घातलं म्हणायचं.

या वाटेच्या दोन टोकांना दोन परदेशी शब्द उभे आहेत. ‘बडतर्फ’ म्हणजे फारसी ‘बर-तरफ’, बाजूला केलेला. आणि ‘रुजू’ अरबी, अर्थ परत येणे. निलंबन मागे घेतल्यावर माणूस ‘पुन्हा रुजू’ होतो, तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्यातला ‘पुन्हा’ जास्तीचा आहे.