आयर्विनचा कवड्या (लायकोडॉन इर्विनी)

कोल्युब्रिडी कुलातील बिनविषारी साप. महाराष्ट्रात कौलांत, भिंतींच्या फटींत निघणारा कवड्या याच लायकोडॉन प्रजातीचा, पण ही जाती फक्त ग्रेट निकोबार बेटावर आढळली आहे. आर. एस. नवीन, एस. आर. चंद्रमौली, झीशान मिर्झा व सहकाऱ्यांनी 2025 मध्ये मोजक्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नाव ऑस्ट्रेलियाचा प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन (1962–2006) याच्यावरून दिले आहे. 

अंग तकतकीत काळे, लांबी सुमारे एक मीटरपर्यंत. आग्नेय आशियातील लायकोडॉन सबसिंक्टस हा जवळचा नातलग. यात नवल नाही : ग्रेट निकोबार चेन्नईपेक्षा सुमात्राला कितीतरी जवळ आहे.

या प्रजातीची खरी ओळख जबड्यात आहे. वरचे पुढचे काही दात मोठे असतात आणि त्यांच्यामागे मोकळी फट असते. या सापांचे भक्ष्य असलेल्या सापसुरळीचे अंग गुळगुळीत, खवले घट्ट. ती निसटू नये म्हणून ही पकड. हे विषदंत नव्हेत. तरीही मुख्य भूमीवरचा कवड्या अंगावरच्या फिकट पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो, कोकणात तसाच दिल्लीतही. या प्रजातीतील साप अंडी घालतात आणि बहुतेक रात्री फिरतात. निकोबारच्या सापाचे खाणे लहान सरपटणारे प्राणी, बेडूक आणि लहान सस्तन प्राणी असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे.

माणसाला निरुपद्रवी असलेला साप बेटाला निरुपद्रवी असतोच असे नाही. याच प्रजातीतील लायकोडॉन कॅप्युसिनस हा साप हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर बाहेरून पोचला. 1987 मध्ये तो तेथे प्रथम नोंदला गेला आणि स्थानिक पाली-सापसुरळ्यांच्या ऱ्हासात त्याचा मोठा वाटा मानला जातो. ग्रेट निकोबारचा कवड्या मात्र तिथलाच. तेथे बाहेरून येणारा माणूस आहे.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 910 चौ. किमी. गलाथिया उपसागरात मालवाहू जहाजांचे बंदर, तसेच विमानतळ, नवे नगर आणि वीजकेंद्र उभारण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे 130 चौ. किमी वनजमीन वळवण्यास दिल्लीतील केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरीही मिळाली. सापाला नाव मिळाले ते त्यानंतर तीन वर्षांनी. प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल तयार झाला तेव्हा वेगळी जाती म्हणून हा साप कोणत्याच यादीत असणे शक्य नव्हते. अशा अहवालांची ही मोठीच उणीव म्हणावी लागेल. आढळक्षेत्र एवढे लहान असल्याने या जातीला ‘संकटग्रस्त’ गटात धरावे, अशी शिफारस तिचे वर्णन करणाऱ्या संशोधकांनीच केली आहे.