द्रोह कोणाचा?

स्मरणिकेसाठी आठवण लिहा म्हटल्यावर मला वर्गातला एक वाद आठवला. तो अर्धवट राहिला, आणि त्यात चूक माझी होती.

इतिहासाच्या तासाला सर बाबुराव शेडमाके शिकवत होते. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं, हे ऐकताच मी मागच्या बाकावरच्या अहेरीच्या मित्राला म्हटलं, ‘तुमच्याच गावानं धरून देलं ना बे!’ सगळे हसले, तो नाही. त्या दिवशी त्यानं डबाही आमच्यात बसून खाल्ला नाही. सर एवढंच म्हणाले, ‘द्रोह कोणाचा, ते आधी ठरवा.’ आणि घंटा झाली.

पुढे वकिलीत शिरल्यावर इंग्लंडचा १३५१चा राजद्रोहाचा कायदा वाचला. तिसऱ्या एडवर्डच्या काळातला. राजाविरुद्ध युद्ध करणं हा राजद्रोह, हे समजतं. पण राजाची मोहर नकली बनवणं आणि खोटी नाणी पाडणं हेसुद्धा त्याच पंक्तीत! आधी नवल वाटलं. मग आपलं ‘शिक्कामोर्तब’ आठवलं. पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. एवढं असलं की राजाचा शब्द गावोगाव चालायचा. मोहर चोरली म्हणजे राजाचा आवाजच चोरला. मोहरेसाठीचा हा राजद्रोह इंग्लंडात १८६१पर्यंत टिकला.

पण या कायद्याचा पाया निष्ठा. ज्याची प्रजा, त्याचाच द्रोह. इथे मला चांदा आठवतो.

जटपुरा गेटवर हत्तीवर स्वार झालेला शार्दूल आपण येता-जाता पाहिला. ते गोंड राजांचं चिन्ह. त्यांच्यानंतर नागपूरकर भोसले आले. तिसरे रघुजी १८५३च्या डिसेंबरात वारले, औरस वारस नाही म्हणून १८५४ साली कंपनीनं राज्य खालसा केलं. म्हणजे मोलमपल्लीचे बाबुराव १८५८च्या मार्चमध्ये उठले तेव्हा इथे कंपनीच्या शिक्क्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. एवढ्यात कसली निष्ठा? २९ एप्रिलला चुंचगुंडीला गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. १८ सप्टेंबरला बाबुराव पकडले गेले, कॅप्टन क्रिक्टनपुढे खटला झाला, आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला फाशी. वय पंचवीस. अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनीचं राज्य संपलं. त्यात माफी होती, पण इंग्रजांच्या खुनात हात असलेल्यांना नव्हती. ती बाबुरावांना मिळाली नसतीच.

लक्ष्मीबाईंना अडपल्ली-घोटची ६७ गावं मिळाली, हे लपवायचं कारण नाही. ती व्यंकटरावांची, तेही बाबुरावांबरोबर उठले होते, त्यांना १८६०मध्ये पकडून जन्मठेप झाली. बाईंनी केलं ते मला आजही पटत नाही. पण नागपूरची गादी चार वर्षांपूर्वी कागदावर पुसली गेलेली त्यांनी पाहिली होती. आपली जमीनदारी कोणाच्या शिक्क्यावर उभी आहे, हे त्या जाणून असणार. आणि दोष बाईंचा धरला, तरी तो अहेरीच्या चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर कसा येतो?

सर आज असते तर त्यांना हे दाखवलं असतं. तुला मात्र दाखवता येईल. संमेलनाला येतोयस ना? जेवताना शेजारी बस.