मोबाइलवर हिशोब टाइप करताय? कंस आणि टिंब सांभाळा, नाहीतर बारा गुंठ्यांचा घोळ

वहीत गणित लिहिताना आडवी रेघ मारली की वर काय आणि खाली काय, ते कोणालाही कळतं. वर्गमुळाचं छप्पर कुठपर्यंत आहे, तेही दिसतं. मोबाइलवर मात्र सगळं एकाच ओळीत येतं. रेघ नाही, छप्पर नाही. पाठवणाऱ्याच्या डोक्यात एक हिशोब असतो आणि वाचणारा दुसराच करून बसतो. दहावीच्या पोरांचं गणित असो, फवारणीचं प्रमाण असो की जमिनीचा व्यवहार, टाइप करताना पुढच्या गोष्टी पाळल्या तर घोळ टळतो.

आधी गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी

१०० + २० × ३ हा हिशोब बघा. नियमाने आधी गुणाकार होतो, म्हणून उत्तर १६०. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर १६० च दाखवतो. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर मात्र जसं बटण दाबलं तसं करत जातो आणि बहुतेक वेळा ३६० दाखवतो. दोघांचं उत्तर जुळेना म्हणून भांडण करण्यापेक्षा कंस टाका. आधी बेरीज हवी असेल तर (१०० + २०) × ३ असं लिहा.

भागाकाराला कंस हवाच

समजा, औषधाचं प्रमाण २०० लिटर पाण्याला ५०० मिली आहे आणि पंप १५ लिटरचा आहे. ५००/२००*१५ असं पाठवलं तर कोणी २०० आणि १५ चा गुणाकार आधी करून भाग देतो. मग उत्तर पाव मिलीच्याही खाली जातं. (५००/२००) × १५ असं लिहिलं की उत्तर एकच, ३७.५ मिली.

बीजगणितातही तेच. इथे एक्सच्या जागी क्ष धरला आहे. क्ष+१/क्ष-१ याचा अर्थ फक्त मधल्या १ ला क्ष ने भागायचं, असा होतो. क्ष ३ असेल तर उत्तर २.३३ येतं. पुस्तकातलं गणित (क्ष+१)/(क्ष-१) असेल, तर उत्तर २ आहे. मास्तरांना शंका विचारताना कंस राहिला, तर ते भलतंच गणित सोडवून पाठवतील. यात चूक मास्तरांची नाही.

घात आणि वर्गमूळ

घातासाठी ^ हे टोपीसारखं चिन्ह वापरतात. ५^२ म्हणजे पाचचा वर्ग, २५. दहा हजार रुपये, दर साल १० टक्के चक्रवाढ, दोन वर्षं, हा हिशोब १००००*(१+१०/१००)^२ असा लिहायचा. उत्तर १२,१०० रुपये. कंस विसरला तर कॅल्क्युलेटर दहा हजारांच्या पुढे एक पैसासुद्धा व्याज दाखवत नाही.

वर्गमुळाचंही तसंच आहे. √(९+१६) म्हणजे ५. √९+१६ असं लिहिलं तर १९.

चिन्हं कुठे सापडतात

गुगलच्या इंग्रजी कीबोर्डवर खाली डाव्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह आणि १२३ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की आकडे, कंस, तिरकी रेघ मिळते. तिथून चिन्हांच्या पुढच्या पानावर गेलं की ×, ÷, √, π, ^ ही चिन्हं दिसतात. आकड्याचं बटण थोडा वेळ दाबून धरलं तर वर चढलेला छोटा आकडा आणि अर्धा, पाव असे अपूर्णांकही मिळतात.

गुणाकारासाठी इंग्रजी एक्स अक्षर वापरू नका. बीजगणितात तो एक्स आहे की गुणिले, ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर तारका (*) जपून वापरा. दोन तारकांच्या मधला मजकूर तिथे ठळक होतो आणि तारका गायब होतात. त्यापेक्षा × बरा.

आकडे आणि टिंब

एका मेसेजमध्ये मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो.

‘३-५ मिली’ असं न लिहिता ‘३ ते ५ मिली’ लिहा. मधली रेघ वजाबाकीची वाटू शकते.

‘शेकडा २’ एवढंच लिहू नका. महिन्याला २ टक्के म्हणजे साध्या व्याजाने वर्षाला २४ टक्के. महिना की वर्ष, ते सोबत लिहा.

सगळ्यात मोठा घोळ जमिनीत होतो. गावात ‘१.२० एकर’ म्हटलं की बरेच जण एक एकर वीस गुंठे समजतात, म्हणजे ६० गुंठे. कॅल्क्युलेटरला मात्र १.२० एकर म्हणजे ४८ गुंठे, कारण एकराचे गुंठे ४०. फरक १२ गुंठ्यांचा! गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट धरले तर १३,०६८ चौरस फूट होतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तिथे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर. त्यामुळे नुसता आकडा पाठवू नका. ‘१ एकर २० गुंठे’ किंवा ‘१ हेक्टर २० आर’ असं अक्षरात लिहा.

पाठवण्याआधी एवढं बघा

उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला का? आकड्यापुढे मिली, गुंठा, रुपये, टक्के लिहिलंय का? आणि शेवटी, टाइप केलेला हिशोब जसाच्या तसा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा. वहीतलं उत्तर आलं तर पाठवा. नाही आलं, तर बहुतेक कुठेतरी कंस राहिलाय.