निकट भविष्यकाळ (फ्रेंच)

निकट भविष्यकाळ (फ्रेंच नाव : फ्यूत्यूर प्रॉश). फ्रेंच भाषेतील एक संयुक्त काळरूप. ‘आले’ म्हणजे ‘जाणे’. या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप घ्यायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपात ठेवायचे, की हा काळ तयार. ‘झ वे मांझे’ याचा शब्दशः अर्थ ‘मी जातो खाणे’ आणि खरा अर्थ ‘मी आता जेवणार आहे’. बोलणारा पाटावर बसलेला असला आणि ताट समोर आलेले असले, तरी वाक्य हेच. जाणे आहे, पण कुणी कुठे जात नाही.

मराठी माणसाला ही रचना पहिल्यांदा ओळखीची वाटते आणि तिथेच तो फसतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्यात सकाळी कुणाला ‘खंय जातंस?’ म्हणून विचारले, तर ‘मासे हाडूक जातंय’ असे उत्तर मिळू शकते. ‘हाडूक’ म्हणजे आणायला. मालवणीतले ‘-ऊक’ आणि प्रमाण मराठीतले ‘-आयला’ फ्रेंच मूळ रूपाच्या जागी बसतात, पुढे ‘जातंय’ आहेच. मांडणी जवळजवळ तीच. फरक एवढाच, की शिरोड्याचा माणूस खरोखर पिशवी घेऊन निघालेला असतो.

कसोटी पावसाची. फ्रेंचमध्ये आभाळ भरून आले की ‘इल वा प्लव्ह्वार’ म्हणतात : ‘ते जाते पाऊस पडणे’. मालवणीत ‘पावस पडूक जाता’ असे कुणी म्हणणार नाही, ‘पावस पडतलो’ म्हणतील. प्रमाण मराठीत ‘पाऊस पडणार’. कारण आपल्या वर्तमानकाळातल्या ‘जाणे’ला अजून पाय आहेत आणि पावसाला ते नाहीत. शिरोड्याला लागून असलेल्या आरवलीत श्री देव वेतोबाला भक्त मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मराठी ‘जाणे’ त्या वेतोबासारखे आहे, त्याच्या चपला झिजतात. फ्रेंच निकट भविष्यातल्या ‘आले’च्या चपला कोऱ्याच राहतात.

रूपे पाठ करावीच लागतात, कारण ‘आले’ फार अनियमित आहे. मी : ‘झ वे’. तू : ‘त्यू वा’. तो किंवा ती : ‘इल वा’, ‘एल वा’. आम्ही : ‘नूज़ालों’, यातला ज ‘जोर’मधला. तुम्ही : ‘वूज़ाले’. ते किंवा त्या : ‘इल वों’, ‘एल वों’. या सहा रूपांत एक घराणे नाही. ‘वे, वा, वों’ ही लॅटिन ‘वादेरे’ या क्रियापदाची लेकरे. ‘आलों, आले’ यांचे मूळ वेगळे असून ते नेमके कोणते यावर विद्वानांत वाद आहे. साध्या भविष्यकाळातले ‘झिरे’ (मी जाईन) आणखी तिसऱ्या, ‘ईरे’ या लॅटिन धातूतून आले. आपल्याकडेही ‘जातो’ आणि ‘गेलो’ एका धातूची रूपे नाहीत. पहिल्यामागे संस्कृत ‘या’ आहे, दुसऱ्यामागे ‘गम्’. तेव्हा फ्रेंचांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

एकदा ही सहा रूपे बसली, की पुढचे काम हलके. मुख्य क्रियापद कितीही वाकडे असो, इथे ते मूळ रूपातच राहते. म्हणून नवशिक्यांना भविष्यकाळ शिकवताना बहुधा याच काळापासून सुरुवात होते. ‘नूज़ालों आश्ते द्यू प्वासों’ म्हणजे ‘आम्ही मासे विकत घेणार आहोत’. ‘आश्ते’च्या जागी दुसरे कोणतेही क्रियापद घाला, वाक्य मोडत नाही.

नकार मात्र जागा बघून द्यावा लागतो. ‘न’ आणि ‘पा’ हे नकाराचे दोन काठ ‘आले’च्या रूपाला वेढतात, मुख्य क्रियापद बाहेर राहते : ‘झ न वे पा मांझे’, मी जेवणार नाही. बोलताना फ्रेंच माणूस पहिला ‘न’ गिळून टाकतो, लिहिताना गिळू नये. कर्माचे सर्वनाम उलट वागते. ते मुख्य क्रियापदाला चिकटून त्याच्या आधी बसते : ‘झ वे ल फेर’, मी ते करणार आहे. स्वतःवर उलटणाऱ्या क्रियापदांत ते सर्वनाम कर्त्याप्रमाणे बदलते. ‘मी उठणार’ म्हणजे ‘झ वे म लवे’ आणि ‘तू उठणार’ म्हणजे ‘त्यू वा त लवे’. मराठीत उठायला असले सर्वनाम लागत नाही, त्यामुळे ते विसरण्याची खोड लवकर जात नाही.

दुसरी खोड ‘ला’ची. ‘जेवायला’, ‘बघायला’ यांतला ‘ला’ मराठी जिभेवर इतका बसलेला असतो, की ‘झ वे’ आणि मूळ रूप यांच्यामध्ये ‘आ’ हे शब्दयोगी अव्यय घुसवण्याचा मोह होतो. स्पॅनिशमध्ये ते चालते, नव्हे लागतेच. फ्रेंचमध्ये चूक.

तेरेखोलच्या खाडीपलीकडेही हीच रचना वावरत होती, फक्त दुसऱ्या भाषेत. शिरोड्याहून निघून रेडी गाव ओलांडले की ही खाडी लागते. तिच्या उत्तर तीरावरचा तेरेखोलचा किल्ला आज गोव्यात आहे, 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. पोर्तुगीजमध्ये ‘मी जेवणार आहे’ म्हणायला ‘वो कुमेर’ म्हणतात : पुन्हा ‘जातो’ आणि ‘खाणे’, मध्ये काही नाही. अंमल शेकडो वर्षे टिकला, पण कोकणीने आणि मालवणीने आपला ‘-तलो’ सोडला नाही. गोव्यात ‘तो वतलो’, शिरोड्यात ‘तो जातलो’. व्याकरणाची चोरटी आयात सोपी नसावी.

मराठीत या काळाच्या सर्वांत जवळचे रूप ‘-णार’. ‘मी उद्या सावंतवाडीला जाईन’ यात इच्छा आहे, शक्यता आहे, थोडी टाळाटाळही आहे. ‘मी उद्या सावंतवाडीला जाणार आहे’ यात बेत ठरलेला आहे. फ्रेंच साधा भविष्यकाळ आणि निकट भविष्यकाळ यांच्यातले नाते पुष्कळसे असेच आहे. ‘निकट’ या नावाने मात्र दिशाभूल होते. जवळीक घड्याळाची नसते, वर्तमानाशी असते. ‘एल वा आव्वार अँ आंफां’ म्हणजे ‘तिला मूल होणार आहे’. ऐकणारा समजतो, की ती गरोदर आहे. तेच साध्या भविष्यात ‘एलोरा अँ आंफां’ म्हटले, की नुसते भाकीत होते, दिवस गेलेले असोत वा नसोत. उलट ‘दहा वर्षांनी मी घर बांधणार आहे’ हे वाक्य निकट भविष्यात बिनदिक्कत बसते, कारण निश्चय आजचा आहे.

साधे भविष्य फ्रेंचांनी टाकून दिलेले नाही. औपचारिक लेखनात, वचन देताना, ‘जेव्हा’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत ते ठामपणे टिकून आहे. ‘तू येशील तेव्हा’ असे सांगताना ‘कां त्यू वियांद्रा’ हेच म्हणतात. रोजच्या बोलण्यात मात्र निकट भविष्याने बरीच जागा बळकावली आहे. कॅनडातल्या फ्रेंचमध्ये हे फारच ठळक दिसते. तिथे होकारी वाक्यात सर्रास ‘आले’ आणि साधे भविष्य मुख्यतः नकारी वाक्यात, अशी वाटणी झालेली आढळते. गंमत अशी, की साधे भविष्यही कधीकाळी असेच दोन तुकड्यांचे होते. लॅटिनमधल्या ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’, या जोडीचे घासून घासून ‘शांत्रे’, म्हणजे ‘गाईन’, झाले. जुना जोड सांधा न दिसण्याइतका एकजीव झाला, तेव्हा भाषेने नवा जोड केला.

भूतकाळात हा काळ आणखी मजेदार होतो. ‘आले’चे अपूर्ण भूतकाळी रूप घेऊन ‘झाले पार्तीर’ म्हणतात : ‘मी निघणारच होतो’ (तेवढ्यात काहीतरी झाले). देवनागरीत लिहिले की हे रूप आपल्या ‘झाले’सारखे दिसते आणि अर्थ नेमका उलटा, झालेले नसते. या अर्थाने ‘आले’ फक्त वर्तमान आणि अपूर्ण भूत या दोनच काळांत चालते. पूर्ण भूतकाळात घातले, की त्याला पुन्हा पाय फुटतात आणि ‘मी जेवायला गेलो होतो’ असा साधा, चालत जाण्याचा अर्थ परत येतो.

मराठीने नेमके याच्या उलट केले आहे. वर्तमानात चालणारे आपले ‘जाणे’ साध्या भूतकाळात पाय सोडते. ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ यात कुणी कुठे गेलेले नाही. ‘उठायला गेला आणि पडला’ यातला माणूस जागेवरच आहे. इथे ‘गेला’ म्हणजे ‘करू पाहिले’, आणि बहुतेक वेळा ‘फसले’. आपल्याकडे पाय नसलेले ‘जाणे’ भविष्य सांगत नाही, फजिती सांगते. कातालान भाषा तर तिसऱ्याच वाटेने गेली. फ्रेंचची ही शेजारीण ‘जातो’ आणि मूळ रूप जोडते खरी, पण त्याचा अर्थ भूतकाळी होतो. ‘बाच कांता’, शब्दशः ‘जातो गाणे’, म्हणजे ‘मी गायलो’.

इतिहास आणि चरित्र लिहिणारे फ्रेंच लेखक या काळाचा आणखी एक उपयोग करतात. गोष्ट जुनी असते, पण कथनाच्या क्षणी पुढची असते, म्हणून ‘वा’ येते. कादंबरीकार वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याला शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत तिथे राहिले. त्यांच्याविषयी फ्रेंच लेखक ‘इल वा एक्रीर यायाती’ असे वर्तमानकाळी लिहील. मराठी लेखक ‘ते पुढे ययाति लिहिणार होते’ असे ‘-णार होते’ वापरतो. त्याच किनाऱ्यावर मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीला 6 एप्रिलला मीठ उचलले गेले, त्या तारखेवर उभे राहून शिरोड्याविषयी लिहायचे, तर फ्रेंचला ‘वा’ पुरते, मराठीला ‘होणार होता’ लागतो.

फ्रेंच व्याकरणाच्या गोतावळ्यात या काळाभोवती एक आख्यायिका फिरते. दोमिनिक बुऊर नावाचे जेझुइट व्याकरणकार 1702 साली वारले. त्या काळी ‘मी जातो’साठी ‘झ वे’ आणि ‘झ वा’ अशी दोन्ही रूपे ऐकू येत. मृत्युशय्येवर त्यांनी ‘मी मरणार आहे’ हे दोन्ही रूपांनी सांगितले आणि दोन्ही चालतात असा निर्वाळा दिला, असे म्हणतात. खरे-खोटे कुणास ठाऊक, पण उदाहरण चोख आहे. आज प्रमाण फ्रेंचमध्ये ‘झ वे’च धरतात.

अगदी हातघाईच्या क्षणासाठी मात्र दोन्ही भाषा हा काळ बाजूला ठेवतात. दारावर हाक आली, की फ्रेंच माणूस ‘झारीव्ह’ म्हणतो, म्हणजे ‘पोचतो’. मराठी माणूस याहून धीट. तो भूतकाळच वापरतो : ‘आलोच!’ शिरोड्यात ‘इलंय!’ ऐकू येते, बोलणारा अजून माजघरात असतो.

निरोपाच्या वेळी फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. पाहुणा उठताना फ्रेंचमध्ये ‘झ वे इ आले’ म्हणतो, म्हणजे एकाच वाक्यात ‘जाणे’ दोनदा : पहिले काळ दाखवायला, दुसरे खरोखर जायला. शिरोड्याच्या पडवीतून उठणाऱ्याने ‘जातंय’ म्हटले, तर घरातले कुणी जाणते माणूस त्याला थांबवून ‘येतंय म्हण’ असे सांगते.